गोळ्या सोडल्या ते तीन महिने

मी बरी झालेली नाही, हे आधीच सांगते. आजारपणावर कुणी काही लिहिलेलं हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडते, लिहिणारा बरा झाला का ते बघायला. तुमचा तेवढा वेळ वाचावा.

हे मी डायलिसिसच्या खाटेवर पडून लिहिते आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. डावा हात यंत्राला जोडलेला असतो, उजवा मोकळा असतो. सानिकाची एक कोरी वही उरली होती, ती उशीखाली ठेवते.

लिहायला कारण घडलं ते असं. मागच्या महिन्यात सांधेविकाराच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी एक नवीन लग्न झालेली मुलगी होती. तिलाही माझाच आजार, ल्यूपस. तीन महिन्यांपूर्वी कळलेला. तिने इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "तुम्ही या गोळ्यांशिवाय दुसरं काही करून बघितलंत का हो?"

मी "हो" म्हणाले. तिचा चेहरा उजळला. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. माझं पुढचं सांगायचं राहून गेलं. ते इथे सांगते.

मैदान

कसबा पेठेतल्या मुलींच्या एका शाळेत मी खो-खो शिकवायचे. बारा वर्षं शिकवलं. कात्रजहून सकाळची बस, मग गल्ल्यांमधून चालत शाळा. शाळेमागचं मैदान लहान, दोन्ही खांब रोवले की कडेला उभं राहायला जागा उरायची नाही. पण त्या मैदानावरून माझ्या चार मुली राज्याच्या संघात गेल्या. मी स्वतःही कॉलेजात खेळलेली. मिलिंद, माझा नवरा, त्याच कॉलेजात होता. तो म्हणतो की त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मातीत पालथी पडलेली होते आणि हसत होते.

छत्तिसाव्या वर्षी माझी बोटं दुखायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. सानिका तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या डब्याचं झाकण मला लावता येईना, मिलिंद लावायचा. दहा वाजेपर्यंत बोटं मोकळी व्हायची, मग मी विसरून जायचे. नंतर तोंडात फोड आले. शिट्टी ओठांत धरली की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून मी टाळ्या वाजवून खेळ चालवू लागले. मग ताप, बारीक, संध्याकाळचा. मग केस. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाली आली ती जाईना. स्टाफरूममधल्या बाई म्हणाल्या, "उन्हात किती उभ्या राहता, टोपी घालत जा." मी टोपी घेतली.

दीड वर्ष असंच गेलं. घराजवळच्या डॉक्टरांनी डेंग्यू तपासला. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. एकाने विचारलं, घरी काही ताण आहे का. मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, नसतो असं नाही, कळत नाही आपल्याला. मला ते पटलंही. मी खरंच विचार करत बसले की मला कसला ताण आहे. कुणालाही दोष द्यायचा नाही. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा तुकडा बघितला. सगळे तुकडे एकत्र बघायला कुणाला तरी सुचायला दीड वर्ष लागलं, एवढंच.

स्वारगेटचा दवाखाना

स्वारगेटजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर सांधेविकाराच्या डॉक्टर बसायच्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी माझे हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून बघितला, तोंडात बॅटरी मारली, केस ओढून बघितले आणि विचारलं, "उन्हात गेल्यावर गाल जास्त लाल होतात?" मला कुणी हे आधी विचारलं नव्हतं. रक्ताचे आणि लघवीचे तपास झाले. आठ दिवसांनी मिलिंदला घेऊन या म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी बाहेर बसची आणि रिक्षांची इतकी गर्दी होती की डॉक्टरांचं अर्धं बोलणं हॉर्नमध्ये जायचं. त्या उठल्या, खिडकी लावली आणि परत बसून म्हणाल्या, "तुम्हाला ल्यूपस आहे. हे नाव ऐकलंय?"

आम्ही दोघांनी मान हलवली, नाही म्हणून.

"आपलं शरीर बाहेरच्या जंतूंशी लढतं ना, ती यंत्रणा तुमच्या बाबतीत चुकते आहे. ती तुमच्याच शरीराला परकं समजते. आज सांध्यांवर, कातडीवर आहे. पुढे मूत्रपिंडावर, फुप्फुसावर, कुठेही जाऊ शकते. जाऊ नये म्हणून औषधं."

मिलिंदने विचारलं, "बरं व्हायला किती दिवस लागतील?"

"पूर्ण बरा होत नाही हा. आटोक्यात राहतो. गोळ्या घेतल्या तर बरीच माणसं चांगली जगतात. नोकरी करतात, मुलं होतात."

"म्हणजे गोळ्या किती दिवस?"

"कायम. मोठा डोस कमी करत आणू, पण काही गोळ्या कायम."

मग त्यांनी कागदावर लिहायला सुरुवात केली आणि लिहितालिहिता म्हणाल्या, "ऊन अजिबात टाळायचं. उन्हाने हा आजार उसळतो. तुम्ही काय करता?"

"मी खो-खो शिकवते."

त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

मला अजूनही त्यांचा तो प्रश्न आठवतो. त्या "सोडा" म्हणू शकल्या असत्या. त्यांना काहीतरी फट शोधायची होती. मी म्हणाले, सकाळी सात ते नऊ आणि दुपारी तीन ते पाच. त्यांनी पुढे लिहायला घेतलं.

खाली उतरल्यावर मिलिंदने उसाचा रस घेऊ का विचारलं. आम्ही रस घेतला. तो म्हणाला, "कॅन्सर नाहीये." मीही म्हणाले, "हो ना, कॅन्सर नाहीये." त्या दिवशी आम्ही दोघांनी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल.

कशामुळे

घरी आल्यावर हाच प्रश्न. कशामुळे. डॉक्टरांनी सांगितलेलं असं, की नक्की कुणाला माहीत नाही. काही माणसांच्या शरीरातच तशी प्रवृत्ती असते. त्यावर ऊन, एखादा संसर्ग, बायकांमधले संप्रेरकांचे बदल, असं काहीतरी निमित्त होतं. बायकांना जास्त होतो. हवेतून, पाण्यातून, स्पर्शातून होत नाही. कुठल्या पापाने होत नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

सासूबाई वाईट नाहीत. रविवारी विहारात जातात, वंदना झाल्यावर तिथली सतरंजीसुद्धा स्वतः उचलतात. पण त्यांनी भाजी निवडतानिवडता विचारलं, "तुमच्याकडे कुणाला होतं का गं असलं?"

"नाही," मी म्हणाले.

मग मी माझ्या आईला फोन केला. आईला एक बहीण होती, शांता. मी लहान असताना ती वारली. मला तिचं फक्त एवढं आठवत होतं की ती दुपारी अंगणात यायची नाही, पदर पुढे ओढून दारात बसायची.

"आई, शांतामावशीला काय झालं होतं?"

"रक्त कमी झालं होतं तिचं."

"तिचे गाल लाल असायचे का?"

आई म्हणाली, "गोरी होती ती," आणि विषय बदलला.

शांतामावशी काळीसावळी होती. घरी तिचा एक फोटो आहे. हे मी मिलिंदला सांगितलं, सासूबाईंना नाही. पण त्या दिवसापासून मी सानिकाचे गाल बघायला लागले.

गोल चेहरा

गोळ्यांनी गुण आला, हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. महिन्याभरात मूठ वळायला लागली. तोंडातले फोड गेले. पण त्यातल्या स्टिरॉइडच्या गोळीने चेहरा सुजून गोल झाला, मानेमागे गादीसारखं मांस आलं, हनुवटीवर लव आली. भूक अशी की भांडी घासतानाही मी उरलेली पोळी तोंडात टाकायचे. चिडायचे. सानिकाला एकदा वहीवर शाई सांडली म्हणून मारलं, आधी कधी मारलं नव्हतं. सहा महिन्यांवर डोळे तपासायचे, कारण त्यातली एक गोळी डोळ्यांवर जाऊ शकते.

शाळेने मला काढलं नाही. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. त्यांनी मला ग्रंथालयात बसवलं आणि मैदानावर एक तरुण शिक्षिका घेतली. ग्रंथालयाची खिडकी मैदानाकडे उघडायची. मी ती बंद ठेवायचे. ऊन येतं म्हणून, असं सांगायचे. खालून आवाज यायचा, पाय आपटल्याचा, "खो" म्हणून ओरडल्याचा. आवाजावरून मला कळायचं की मुली उशिरा उठताहेत, खांबाजवळ वळताना वेग सोडताहेत. सांगायला खाली जायचे नाही. ते आता माझं काम नव्हतं.

एकदा एका जुन्या खेळाडूचे वडील शाळेत आले होते. जिन्यात भेटले. माझ्याकडे बघून पुढे गेले, मग थांबून मागे आले. "अरे, बाई तुम्ही? आजारी आहात असं ऐकलं होतं. तब्येत तर उत्तम सुधारलेली दिसते."

"हो," मी म्हणाले. "आजार मानवला."

ते हसले. मीही हसले. मग ग्रंथालयात जाऊन दार लावून घेतलं.

दोन वर्षांत डोस कमी होत गेला, चेहरा निम्मा उतरला. लघवीचा तपास स्वच्छ यायचा. डॉक्टर खूश होत्या. "असंच ठेवू," म्हणायच्या. आता मागे वळून बघताना कळतं, ती माझी चांगली वर्षं होती. ग्रंथालयातली, बंद खिडकीची. तेव्हा ती मला शिक्षा वाटायची.

पुडी

मिलिंदच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या वहिनीला गुण आला होता. तिला नेमकं काय झालं होतं ते आम्ही विचारलं नाही. कात्रजचा घाट ओलांडून पुढे एका गावात एक म्हातारा पुड्या द्यायचा. रविवारी आम्ही स्कूटरवरून गेलो, मी पूर्ण अंग झाकून, छत्रीसकट. ओसरीवर पंधरावीस माणसं बसली होती. त्यात शिकलेली, गाडीतून आलेलीही होती. तेवढ्याने मला धीर आला.

म्हाताऱ्याने मनगट धरलं. "किती वरसं झाली?"

"साडेतीन होतील."

"गोळ्यांनीच हाडं खाल्ली हायती तुमची. त्या बंद करा, म्हंजी माझं औषध लागू पडंल."

"सगळ्या बंद करायच्या?"

"येकबी घ्यायची न्हाई."

येताना घाटात मिलिंद म्हणाला, "डॉक्टरांना विचारूया का आधी?"

मी म्हणाले, "त्या नाहीच म्हणणार."

"मग?"

"मग काय. माझं शरीर आहे."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. नंतर घरात, नातेवाइकांत, सगळ्यांनी मिलिंदला धरलं, तू नेलंस म्हणून. त्याने नेलं. पण ठरवलं मी.

घरी येऊन मी तिन्ही गोळ्यांची पाकिटं कपाटात वरच्या फळीवर टाकली आणि सकाळ-संध्याकाळ मधातून पुडी घ्यायला लागले. चौथ्या दिवशी मला बरं वाटायला लागलं. आठव्या दिवशी मी सकाळी उठून धावत गॅस बंद करायला गेले आणि मधेच लक्षात आलं की मी धावते आहे. दुखणं नव्हतं, थकवा नव्हता. भूक लागायची, झोप यायची. मी मुख्याध्यापिकांना सांगितलं, मी बरी आहे, मला मैदान द्या. त्या म्हणाल्या, डॉक्टरांचं पत्र आणा. मी म्हणाले आणते, आणि आणलं नाही. नव्या शिक्षिकेचं लग्न ठरलं होतं, ती सुट्टीवर गेली होती. स्पर्धा तोंडावर होत्या. मला मैदान मिळालं.

तो डिसेंबर मी उन्हात काढला. टोपी घातली नाही. मुलींबरोबर बसले, उठले, पळाले. एका मुलीला सूर मारून गडी कसा बाद करायचा ते दाखवायला मी स्वतः सूर मारला, एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि कोपर सोलून घेतलं. मुली टाळ्या वाजवत होत्या. आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसरे आलो. घरी मिलिंद माझ्याकडे बघत बसायचा. एकदा म्हणाला, "तू परत आलीस." सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या.

खरं सांगायचं तर तो महिना मला अजूनही चूक वाटत नाही. चूक होती हे मला माहीत आहे. पण वाटत नाही. या सगळ्या वर्षांतून एकच महिना परत मिळणार असेल तर मी तोच मागेन. असं लिहू नये, विशेषतः त्या दवाखान्यातल्या मुलीसारखं कुणी वाचणार असेल तर. पण हे लपवलं तर बाकीचंही खोटं होईल. माणूस गोळ्या मूर्खपणाने सोडत नाही. त्याला जे परत हवं असतं ते त्या बाजूला दिसतं, म्हणून सोडतो.

सूज

जानेवारीत पायांना सूज आली. मोजे काढले की खोल वळ राहायचा. मला वाटलं, खूप उभी राहते म्हणून. मग लघवीला फेस यायला लागला, साबणाच्या पाण्यासारखा. तो मी रोज बघायचे आणि पाणी ओतायचे. महिनाभर कुणाला सांगितलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी सकाळी उठले तेव्हा डोळे उघडेनात, पापण्या इतक्या सुजल्या होत्या. सानिकाने मला बघितलं आणि ती "बाबा" म्हणून हाक मारत बाहेर पळाली.

रुग्णालयात दाखल केलं. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा सुईने काढून तपासायला पाठवला. तुकडा काढल्यावर दिवसभर उताणं पडून राहायचं, कुशीवर वळायचं नाही. दुपारी आमच्या डॉक्टर आल्या. खुर्ची ओढून बसल्या.

"गोळ्या कधी सोडल्या?"

मी मिलिंदकडे बघितलं. त्याने जमिनीकडे बघितलं.

"नोव्हेंबरमध्ये."

"आणि त्याऐवजी काय घेतलंत?"

मी पुडीचं सांगितलं. किती लवकर बरं वाटलं तेही सांगितलं, जणू त्या पुडीची बाजू घेत होते.

"चार दिवसांत बरं वाटलं," त्या सावकाश म्हणाल्या. "भूक लागली. झोप लागली. अहो, पुडी मी तपासलेली नाही, पण त्यात स्टिरॉइड असणार, दुसरं काही इतक्या लवकर असं करत नाही. तुम्ही जे सोडलंत तेच घेत होतात, मोजमाप नसलेलं. आणि तुमचं मूत्रपिंड सांभाळणाऱ्या दोन गोळ्या बंद होत्या. वर ऊन."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. उठताना त्या म्हणाल्या, "मला फोन का नाही केलात? मी रागावले असते, पण औषध दिलं असतं."

सतरा दिवस होते मी तिथे. पाचला रक्त काढायला यायचे, सहाला वजन, सातला चहा बिनसाखरेचा. दिवसाला किती पाणी प्यायलं आणि किती लघवी झाली ते कागदावर लिहायचं. पाणी मोजून मिळायचं. मला पाण्याची स्वप्नं पडायची. माझी खाट खिडकीजवळ होती आणि दुपारी पायांवर ऊन यायचं. वॉर्डातल्या एक मावशी होत्या, झाडलोट करणाऱ्या. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "उन्हाचा तरास हाय ना तुम्हाला?" कुणी सांगितलं त्यांना, माहीत नाही. त्यांनी एक जुनी हिरवी चादर आणून खिडकीच्या गजांना बांधली. रोज दुपारी येऊन ती सरकली असेल तर नीट करून जायच्या. मी घरी निघाले त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. आभार मानायचे राहिले.

तपासाचा अहवाल वाईट होता. महिन्यातून एकदा सलाइनमधून जबर औषध, असं सहा महिने. प्रत्येक वेळी दोन दिवस उलट्या. पाळी थांबली ती परत आली नाही. त्यानंतर वर्षभर नव्या गोळ्या. डॉक्टरांनी जे जे होतं ते केलं. मूत्रपिंड सावरलं नाही. मागच्या पावसाळ्यात डायलिसिस सुरू झालं.

मिलिंद

त्या पुडीबद्दल आम्ही दोघं दीड वर्ष बोललो नाही. मिलिंद सगळं करायचा. रजा टाकायचा, रिक्षा आणायचा, माझं पाणी मोजायचा. पण खोलीत आम्ही दोघंच उरलो की तो काहीतरी कामाला उठायचा. एका रविवारी दुपारी तो कपड्यांच्या घड्या घालत होता.

मी म्हणाले, "मिलिंद, ते मी ठरवलं होतं."

"माहितीये मला."

"मग?"

त्याने सानिकाचा शाळेचा शर्ट घडी केला, परत उलगडला. "मला घाटात वाटलं होतं, गाडी वळवावी. वळवली नाही. कारण मलाही तू तशीच हवी होतीस, आधीची." मग म्हणाला, "ही जी आहेस, ती मला बघवत नव्हती. हे कसं सांगायचं तुला?"

मला वाटलं होतं, बोलून झाल्यावर मोकळं वाटेल. तसं झालं नाही. आता आम्हाला ते दोघांनाही माहीत आहे, एवढंच.

मूत्रपिंड बदलता येतं, आजार काही काळ शांत राहिला तर. मिलिंदचा रक्तगट जुळत नाही. आई तयार झाली, तपासात तिला मधुमेह निघाला. धाकटा भाऊ नाशिकला असतो. त्याने "बघतो ताई" म्हणून सांगितलं, त्यानंतर त्याचा फोन येतो तो दिवाळीला, आणि त्यात हा विषय नसतो. त्याला दोन लहान मुलं आहेत. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडासाठी यादीत नाव आहे. यादी लांब आहे. आणि आजारही अजून पुरता शांत नाही.

त्या मुलीला सांगायचं होतं ते एवढंच. गोळ्या सोडू नका. सोडाव्याशा वाटतील, तेव्हा डॉक्टरांना तोंडावर सांगा की मला सोडायच्या आहेत. त्या रागावतील. रागावू द्या. लघवीला फेस आला तर त्याच दिवशी जा. दुसरं काही घेत असाल तर लपवू नका. यातलं काही माझ्या उपयोगाचं राहिलेलं नाही, म्हणून देऊन टाकते आहे.

सानिका

सानिका आता चौदाची आहे. खो-खो खेळते. मी शिकवलेलं नाही, तिने तिच्या शाळेत आपणहून नाव दिलं. ती चांगली खेळते, माझ्यापेक्षा चांगली.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, तिला होईल का. त्या म्हणाल्या, आईला आहे म्हणून मुलीला होतोच असं नाही, बहुतेकींना होत नाही. शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, एवढंच. काही त्रास नसताना तपास करण्यात अर्थ नाही, उगाच घाबराल. मी मान हलवली. त्यांनी शांतामावशीबद्दल ऐकलं तेव्हाही हेच सांगितलं.

पण ती संध्याकाळी सरावाहून आली की मी बघायचे. दारातच. आधी गाल, मग नाक, मग बोटं. ती चपला काढेपर्यंत माझं बघून झालेलं असायचं. मी कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, तिला कळत नाही.

गेल्या महिन्यात ती चार दिवस शाळेतून लवकर घरी आली. पाचव्या दिवशी मी विचारलं, "सराव नाही?"

"सोडला मी."

"का? दुखतंय का काही? बोटं दुखतात का?"

"बघ," ती म्हणाली. "हेच. मला काही दुखत नाहीये, आई. मी घरी आले की तू माझ्याकडे अशी बघतेस जशी मी मरणार आहे. मला नको ते. मी नाही जात उन्हात. झालं?"

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरंच झालं, अभ्यास कर."

मी तिला म्हणाले, "तू जा. मी नाही बघणार."

"बघशील."

"नाही बघणार. शब्द देते."

दोन दिवस ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, गेली. डायलिसिस नव्हतं, मी घरी होते. सहापासून मी कोथिंबीर निवडत बसले. एक जुडी निवडून झाल्यावर दुसरी घेतली. साडेसहाला बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं. मी मान वर केली नाही. देठ मोडत राहिले. चपला काढल्याचा आवाज आला, पिशवी टाकल्याचा आवाज आला. मग तिची पावलं माझ्यासमोर येऊन थांबली. पायांना माती होती.

तिने ट्यूबलाइटचं बटण दाबलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"बघ," ती म्हणाली. "एकदाचं बघून घे."

मी बघितलं. दोन्ही गाल लाल होते.

"पळाल्यामुळे आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "पळाल्यामुळेच."

आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, लाली उतरते का बघत.